अंडी दाखवून विकलेली जोडी

गेल्या डिसेंबरात शहरातल्या एका दुकानातून मी जॅक डेम्पसी माशांची ‘प्रूव्हन पेअर’, म्हणजे आधी पिल्लं काढलेली नर-मादीची जोडी, घेतली. साडेचार हजार रुपये. दुकानाच्या टाकीत दगडी पाटीवर अंडी चिकटलेली, दोन्ही मासे त्यांना पंखांनी वारा घालताहेत. दुकानदार म्हणाला, “पाहून घ्या ना भाऊ, समोरच अंडी देऊन राहिली. अजून काय पुरावा पायजे तुम्हाले?”

मला काहीच नको होतं. मी भाळलो होतो.

मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंतच्या संथ, गढूळ पाण्यातला हा मासा. जॅक डेम्पसी या मुष्टियोद्ध्याचं नाव त्याला मिळालं ते भांडखोरपणामुळे. माझ्या चार फुटी टाकीत मात्र दोघे गोडीगुलाबीनं राहत होते. तेव्हाच शंका यायला हवी होती.

जानेवारीत अंडी झाली, भरपूर. पाणी साधारण 27 अंशांवर असलं की तिसऱ्या दिवसाच्या आसपास पिल्लं वळवळायला लागतात. माझी अंडी दुसऱ्याच दिवशी खडूसारखी पांढरी पडली, मग त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढली. दुकानदार म्हणाला, थंडी आहे, हीटर मोठा घ्या. घेतला. पुढच्या खेपेला म्हणाला, बोअरचं पाणी जड आहे, आरओचं भरा. कॅनवर कॅन आणले. तिसऱ्यांदा मेथिलीन ब्ल्यूची, म्हणजे बुरशीवरच्या निळ्या औषधाची, बाटली. प्रत्येक वस्तू त्याच्याच दुकानातली, हे मला एप्रिलमध्ये सुचलं. कूलरसमोर बसून हिशेब करत होतो तेव्हा.

शेवटी मासे पाळण्यात केस पांढरे झालेले एक काका घरी आले. चौथी खेप सुरूच होती. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी बाहेर येते. नराची बारीक, टोकदार, मादीची जाड, बोथट. काका दोन मिनिटं वाकून पाहत राहिले. “बाप्पा! दोन्हीही माद्याच आहेत ना बे!” गालांवर आणि खालच्या जबड्यावर दोघींना निळ्या रंगाचे ठसठशीत डाग होते. तीही मादीचीच खूण; मी त्यालाच सौंदर्य समजत होतो.

नर नसला की काही वेळा दोन माद्याच जोडी जमवतात आणि एकाच पाटीवर अंडी घालतात. म्हणजे दुकानातली अंडी खरी होती, जोडी खोटी. अंडी पाहून पैसे देऊ नका. दोन-तीन दिवस थांबा, अंड्यांतून वळवळणारी पिल्लं निघू द्या, जमलं तर पिल्लांमागे फिरणारे आईबाप पाहा. आणि पक्कं बिल मागा. माझ्या कच्च्या पावतीवर फक्त ‘मासे 2’ लिहिलं होतं.

परत गेलो तेव्हा तो हसला. “अंडी तर दिली ना भाऊ? पिल्लांची गॅरंटी मी कुठं दिली होती?”

मासे परत घ्यायला तो एक हजार द्यायला तयार होता. मीच मासे नाही दिले. परवा त्यांनी पुन्हा पाटी भरली. रात्री दिवा लावून पाहिलं, दोघी आळीपाळीनं वारा घालत होत्या.