विश्रामबागचं जर्सीचं दुकान: बाहिया मागितली तर मिळते

सांगलीत जर्सी म्हणजे क्रिकेट, नाहीतर मेस्सी-रोनाल्डो. विश्रामबागच्या या छोट्या दुकानात मात्र ब्राझीलच्या क्लबांचा वेगळा रॅक आहे. फ्लामेंगो, पाल्मेरास, बोटाफोगो, सगळे रिओ-साओ पावलोचे! ईशान्य ब्राझीलचं काहीच नाही. अर्थात दोष दुकानदाराचा नाही. २००३ पासून तिथल्या लीगचं विजेतेपद रिओ, साओ पावलो आणि मिनास जेराइस या ३ राज्यांबाहेर गेलेलंच नाही. ईशान्येतल्या साल्वादोर शहराचा बाहिया क्लब शेवटचा चॅम्पियन झाला तो १९८८ च्या मोसमात.

मालकांना बाहियाची जर्सी सांगितली, त्यांनी मागवून दिली. बिल करताना म्हणाले, "हा तर मँचेस्टर सिटीवाल्यांचा ना?" माणूस जाणकार निघाला. ब्राझीलच्या २०२१ च्या कायद्याने सभासदांच्या क्लबांना कंपनी होता आलं. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना खासगी होतो, तसंच. मग बोटाफोगो जॉन टेक्स्टर या अमेरिकन उद्योजकाने घेतला आणि क्लबने २०२४ मध्ये लीग व लिबर्टाडोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) दोन्ही जिंकल्या. रिओच्याच वास्को क्लबचं उलटं: ७७७ पार्टनर्स या अमेरिकन गुंतवणूक कंपनीचा ताबा कोर्टालाच काढून घ्यावा लागला. बाहियाची ९० टक्के मालकी मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीकडे, म्हणजे सिटी ग्रुपकडे. पैसा आला हे खरं, पण ईशान्येतल्या बाकीच्यांचं काय? फ्लामेंगो अजून सभासदांचाच, तरी सगळ्यात श्रीमंत.

कापड हलकं, शिलाई पक्की. पाठीवरचा नंबर मात्र पहिल्याच धुण्यात सोलला. बदलून दिला, कुरकुर न करता. साइज एक नंबर मोठी घ्या. रविवारी गर्दी असते, आणि पार्किंगचं विचारूच नका.