जुन्या लुगड्याची हातभर गोधडी: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा काढल्यानंतर

वस्तू अशी: वर आणि खाली जुनं सुती लुगडं, मध्ये धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, असे तीन थर आणि त्यावर सगळीकडे हाताने घातलेला धावदोरा. दोन मापांत शिवून घेतलेली. एक ३० बाय ३६ इंचांची, आणि तिच्याच लुगड्यातून निघालेल्या १८ बाय १८ इंचांच्या दोन, म्हणजे हातभर लांब नि हातभर रुंद. वापरणारी व्यक्ती सुरुवातीला दीड वर्षाची होती, आता अडीचची आहे आणि गोधडीशिवाय झोपत नाही, गाडीत बसत नाही, डॉक्टरकडे तर पाऊलही टाकत नाही.

निकाल आधीच सांगायचा तर मोठी गोधडी पांघरूण म्हणून उत्तम आणि सोबतीण म्हणून निरुपयोगी. हातभराची जोडी मात्र पैसा वसूल.

मोठीचं दुखणं मापातच आहे. कोरडी असताना तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे हलकीच. पण मूल ती छातीशी धरून चालायला लागलं की मागचं टोक जमिनीवर लोळतं, त्याच टोकावर त्याचा पाय पडतो आणि मूल तोंडावर आपटतं. जिन्यावर तर हे नक्की होतं. शिवाय घरभरची धूळ, भाताची शितं, केस सगळं तिला चिकटतं, आणि पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही. हातभराची पन्नास-साठ ग्रॅमची असते, लहान मुलाच्या हातातून लोंबली तरी गुडघ्याखाली जात नाही, पाळणाघराच्या पिशवीत डब्याशेजारी मावते. घडी करून चेहऱ्याशी धरायला मुलाला एवढंच कापड लागतं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत यातलं काहीच जवळ देऊ नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची सूचना स्पष्ट आहे: पहिलं वर्ष झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणं नको, कारण तोंडावर आलेलं कापड बाळाला बाजूला करता येत नाही. जागेपणी, मोठं माणूस समोर असताना हातात दिलं तर हरकत नाही. ‘आमच्याकडे सगळी दुपट्यातच वाढली’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पण वाढली ती मोजली जातात, एवढंच.

आता कोपऱ्याबद्दल, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मूल गोधडी धरतं असं आपण म्हणतो, पण बारकाईने पाहिलं तर ते एक ठरावीक कोपरा धरतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो चोळतं, नाकाखाली नेतं, कधी चोखतं. चारातला हाच कोपरा का, तर शिवताना वरचं कापड आत दुमडलेलं असतं आणि कोपऱ्यावर दोन्हीकडच्या दुमडी एकावर एक येतात. मध्ये तीन थर असतात, तिथे सहा-सात होतात. बोटाला एक छोटी, कडक, पण मऊ कापडात बसलेली गाठ लागते. त्यातही जिथे शिवणारीने दोरा संपवलेला असतो तो कोपरा किंचित जास्त जाड असतो. आमच्या दोन्ही गोधड्यांमध्ये पसंतीचा कोपरा दोरा संपवल्याचाच निघाला. म्हणून शिवायला देताना सांगून ठेवा, की जोडीतल्या दोन्ही गोधड्यांचा दोरा एकाच जागी, लुगड्याचा काठ ज्या बाजूला आहे तिच्या उजव्या कोपऱ्यावर, संपवा. हे न सांगितल्यास जुळ्यांपैकी एक आवडती आणि दुसरी सावत्र होते.

जोडी का हवी, यावर ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं, जे कुठल्याही वस्तूची हुबेहूब प्रत काढतं असं भासवलं होतं. साध्या खेळण्याची प्रत घ्यायला मुलं तयार होती. ज्या वस्तूला बिलगून झोपायची सवय होती तिच्या बाबतीत मात्र बहुतेकांना मूळचीच परत हवी होती, आणि काही जणांनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. तेव्हा हरवल्यावर तशीच दुसरी आणू हा बेत पाण्यात जातो. दोन्ही वस्तू पहिल्या आठवड्यापासून आलटून पालटून हातात आल्या तर मुलाच्या लेखी ती एकच ‘गोदी’ राहते. दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल करायची, म्हणजे झीज, वास, विटलेपण सारखं राहतं. आमच्याकडची जोडी अजून ओळखू येत नाही. आतल्या बाजूला एका टाक्याची खूण घातली आहे ती फक्त मोठ्यांसाठी.

लुगडं निवडताना घरातल्या माणसांच्या भावना आड येतात. आजीचं ठेवणीतलं म्हणून जरीकाठी पुढे केलं जातं. ते नको. जरीचा काठ मुलाच्या ओठाला टोचतो, आणि हल्लीच्या जरीत प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्ट्या असतात त्या सुटून येतात. रोजच्या वापरातलं, शंभरदा धुतलेलं लुगडं किंवा सुती पाचवारी सगळ्यात चांगली. सुती आहे की मिसळीचं हे कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांत चुरगळते; पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक काळा मणी धरतं. मग कापड उजेडासमोर धरा. लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही: बसायचा भाग आणि जिथे पाऊल अडकतं तो खालचा काठ झिरझिरीत होतो, कमरेत खोचलेला भाग बराच शाबूत असतो. वरखालचे तुकडे शाबूत भागातून काढायचे, विरलेला भाग हवा तर मधल्या थरात. आणि त्याच लुगड्याचा किमान हातभर तुकडा बाजूला ठेवायचा, त्याचं काम पुढे येतं.

पेटीतल्या लुगड्याबद्दल एक गंभीर सूचना. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ते तसंच शिवायला देऊ नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं, आणि जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. अंगावरच्या कपड्यांतून, पांघरुणातून एवढा संपर्क आला तरी बाळाला कावीळ होऊ शकते. कमतरता आहे हे बहुतेक घरांना माहीतही नसतं. कापड गरम पाण्यात साबणाने धुवा, मोकळ्या वाऱ्यावर उन्हात टाका, वास पूर्ण जाईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करा. जात नसेल तर दुसरं लुगडं घ्या.

टाके पाच मिलिमीटरच्या आसपास, दोन ओळींत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर. मोठ्या गोधडीला लांब टाका चालतो, लहान मुलाच्या गोधडीला नाही. टाका सेंटिमीटरच्या वर गेला की धुण्यात तो सैल होऊन कमान उभी राहते आणि तिच्यात बोट अडकतं. सैल दोरा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडून बोट सुजतं, जांभळं पडतं. मूल विनाकारण किंचाळतंय असं वाटलं तर हातापायाची बोटं आधी बघा. आठवड्यातून एकदा सगळी गोधडी तळव्याखालून फिरवायची आणि कमान दिसली की कापून नवा टाका घालायचा. दोरा सुतीच हवा. मशीनवर पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेली गोधडी दिसते मजबूत, पण दोरा कापडाहून चिवट असल्यामुळे ताण आला की कापडच टाक्याच्या रेषेवर फाटतं. सुती दोरा आधी तुटतो, कापड वाचतं. लाल दोरा हवा असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून पाणी नितळ येईपर्यंत खळबळा, नाहीतर चोखलेल्या कोपऱ्याभोवती गुलाबी डाग आणि ओठही गुलाबी. मधल्या थरात कापूस, जुनी घोंगडी किंवा टॉवेल घालू नका: कापूस धुण्यात गोळे होऊन एका कोपऱ्यात जातो, टॉवेल पाणी धरून ठेवतो.

धुण्याच्या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडतात. डोनाल्ड विनिकॉट या इंग्लिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५३ मध्ये छापून आलेल्या निबंधात अशा वस्तूंचा विचार केला आहे. आई ती मळू देते, तिला वास येऊ देते, कारण धुतली की बाळाच्या अनुभवाचा धागा तुटतो हे तिला कळत असतं, असं त्याचं निरीक्षण. इंग्लंडच्या हवेत ठीक आहे. मुंबई-कोकणात जूनमध्ये लाळेने भिजलेला कोपरा दोन दिवसांत आंबतो आणि मुलाच्या तोंडाभोवती पुरळ उठतं. त्यामुळे धुणं टळत नाही, तुटलेला धागा लगेच जोडता येतो एवढंच. एक हातात असताना दुसरी धुवायची. नेहमीचीच पावडर, नेहमीच्या अर्धी. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य नको, जंतुनाशक तर नकोच, त्या वासाने मूल गोधडी फेकून देतं. तीन पाण्यांतून खळबळायची. धोपटायची नाही आणि पिळायची तर मुळीच नाही, विरलेलं सूत पिळताना आडवं फाटतं. पंच्यात गुंडाळून दाबायची. मशीनला टाकायची असेल तर जाळीच्या पिशवीत. वाळल्यावर एक रात्र आईच्या किंवा ज्याच्या कुशीत मूल झोपतं त्याच्या उशीच्या अभ्र्यात ठेवायची आणि मगच हातात द्यायची. हा शेवटचा भाग गाळला की ‘ही नको’ सुरू होतं.

पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून मग दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. आत ओल राहिली की कुबट वास धरतो आणि तो पुढच्या धुण्यातही जात नाही. सर्दीखोर किंवा दम्याच्या मुलासाठी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यास धुळीतले किडे मरतात, हातभराच्या सुती गोधडीला ते सोसतं. खरूज झाली तर मात्र जोडी एकदमच गरम पाण्यातून काढावी लागते, तेव्हाची रात्र जड जाते.

आठ-नऊ महिन्यांनी पसंतीचा कोपरा विरायला लागतो. तिथे नवं कापड लावलं तर मूल कोपरा बदलतं किंवा रडतं. बाजूला ठेवलेला तुकडा इथे कामाला येतो, पण तोही गोधडीबरोबर प्रत्येक वेळी धुतलेला हवा, नाहीतर तो रंगाने आणि स्पर्शाने परका लागतो. ठिगळ वरून न लावता शिवण दोन बोटं उसवून आतून सरकवा आणि जुनंच विरलेलं कापड त्यावर बारीक टाक्यांनी धरा. वरचा स्पर्श तोच राहतो. दुरुस्ती मुलासमोर करावी, असं आमचं मत. झोपेत गुपचूप केलेली दुरुस्ती सकाळी सापडतेच, आणि मग विश्वासही उसवतो.

बाजारातल्या पर्यायांपैकी फ्लीसची बाळब्लँकेटं हातात घेताना मोहक वाटतात, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात त्यांनी मान घामाने चिकटते आणि दोन महिन्यांत वर गोळे येतात. मूल ते गोळे उपटून तोंडात घालतं. मऊ बाहुल्या घ्यायच्या तर डोळे भरतकामाचे बघा, बटणांचे नकोत, आणि आयएसआय चिन्ह तपासा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. त्यांची खरी अडचण वाळण्याची, आतला भुसा चार दिवस ओला राहतो.

सगळ्या मुलांना अशी वस्तू लागते असं नाही. रेनाटा गद्दिनी यांच्या १९७० च्या इटलीतल्या अभ्यासात रोम शहरातल्या मुलांपेक्षा खेड्यातल्या मुलांत हे प्रमाण बरंच कमी आढळलं. जिथे मूल आईच्या अंगाशी झोपतं तिथे वस्तूची गरज कमी पडते, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याकडेही कितीतरी मुलं आईचा पदर किंवा आजीच्या कानाची पाळी धरून झोपतात. पाळणाघर सुरू झालं की पदर सोबत नेता येत नाही, तेव्हा गोधडी पुढे येते. पाळणाघरात देताना नाव दोऱ्याने काठावर घाला, मार्करची शाई चोखली जाते. आणि तिथल्या ताईंना सांगून ठेवा की शिस्त म्हणून ती काढून ठेवायची नाही, जेवताना खुंटीवर, झोपताना हातात. ‘कावळ्याने नेली’ हा पाहुण्यांचा आवडता विनोदही बंद करा. पुढचे दोन दिवस मूल गोधडी खालीच ठेवत नाही.

शिवायला देताना एवढं कागदावर लिहून द्या: माप, थर तीन, दोरा सुती, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, गाठी आत, दोरा कुठे संपवायचा, उरलेलं कापड परत. मजुरी नगावर की चौरस फुटावर हे आधी ठरवा. लहान मापाला टाके दाट लागतात, त्यामुळे फुटाचा दर शिवणारीच्या अंगावर येतो. नगावर दिलेले बरे.