व्हॉल्यूम ग्रुपच्या रचनेचा बॅकअप: लिनक्स, एचपी-यूएक्स की एआयएक्सची पद्धत?

व्हॉल्यूम ग्रुप म्हणजे एक किंवा अनेक डिस्कची जागा एकत्र करून केलेला साठा; त्यातून कापलेले भाग म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. डेटाचा बॅकअप रोज होत असला तरी डिस्क गेल्यावर आधी हवी असते ती रचना: कुठले लॉजिकल व्हॉल्यूम, केवढे, कोणत्या डिस्कवर. ही रचना जपण्याची तऱ्हा लिनक्स आणि एचपी-यूएक्स व एआयएक्स या दोन युनिक्स प्रणाली अशा तिन्हीकडे वेगळी आहे.

लिनक्सवर रचना बदलणारी कमांड दिली की एलव्हीएम (हे व्हॉल्यूम सांभाळणारी यंत्रणा) आपणहून सेटिंगच्या इटीसी डिरेक्टरीतल्या एलव्हीएम डिरेक्टरीत ताजी प्रत बॅकअपमध्ये आणि जुन्या प्रती आर्काइव्हमध्ये ठेवते. मूळ सेटिंगनुसार जुन्या प्रती किमान 10 आणि किमान 30 दिवस राहतात. फाइल साध्या मजकुराची असते आणि कोणत्या कमांडच्या आधी ती बनली तेही तिच्यात लिहिलेले असते. चुकून एलव्हीरिमूव्हने लॉजिकल व्हॉल्यूम काढून टाकला गेला, तर नेमकी त्याआधीची प्रत शोधून रचना परत आणणारी व्हीजीसीएफजीरिस्टोअर कमांड चालवता येते. त्या जागेवर काही नवे लिहिले गेले नसेल आणि डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा पुसायला डिस्कला सांगणे) बंद असेल, तर डेटाही हाती लागतो. मला हीच पद्धत सर्वांत उजवी वाटते.

पण या प्रती त्याच सर्व्हरवर असतात. रूटची, म्हणजे मुख्य सिस्टिमची, डिस्कच गेली तर त्याही गेल्या. म्हणून रचनेची प्रत काढणाऱ्या व्हीजीसीएफजीबॅकअप कमांडची फाइल दुसऱ्या मशीनवर न्यायलाच हवी. सोबत एसएफडिस्क कमांडने काढलेला पार्टिशन टेबलही (डिस्क कुठे कशी विभागली आहे त्याची नोंद) घ्या, कारण एलव्हीएमच्या प्रतीत तो नसतो.

एचपी-यूएक्सवरही कमांडचे नाव व्हीजीसीएफजीबॅकअपच, पण फाइल बायनरी, म्हणजे साधी वाचता न येणारी. इटीसीतल्या एलव्हीएमकॉन्फमध्ये चालू प्रत आणि तिच्या आधीची एक, एवढेच मिळते. व्हॉल्यूमच्या नावांची मॅप फाइल व्हीजीएक्सपोर्टच्या प्रीव्ह्यू पर्यायाने वेगळी काढावी लागते. प्रीव्ह्यूचा पर्याय विसरलात तर ग्रुप खरोखरच एक्सपोर्ट होतो, म्हणजे सिस्टिममधून त्याची नोंद निघून जाते, तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

एआयएक्सवर सेव्हव्हीजी कमांड रचनेबरोबर माउंट असलेल्या फाइल सिस्टिममधल्या फाइलीही घेते; रूटव्हीजीसाठी, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या ग्रुपसाठी, एमकेसिसबी ही कमांड वेगळी. ग्रुप छोटा असेल तर ही सोय उत्तम. डेटाबेसचा बॅकअप आधीच दुसरीकडे जात असेल तर मात्र आर पर्याय देऊन फक्त रचना घ्यावी. परत उभारणारी रेस्टव्हीजी कमांड तेवढ्यावरून ग्रुप आणि रिकाम्या फाइल सिस्टिम उभ्या करते.

लिनक्सवर थिन पूल (व्हॉल्यूमला जागा आधीच न देता लागेल तशी देणारा साठा) वापरत असाल तर केवळ रचनेच्या फाइलवर विसंबू नका. थिन व्हॉल्यूमचे कोणते ब्लॉक कुठे आहेत ही नोंद पूलच्या स्वतःच्या मेटाडेटात (अंतर्गत नोंदींत) असते, आणि जुनी रचना लादायला व्हीजीसीएफजीरिस्टोअर फोर्स पर्याय मागते. तिथे डेटाचा पूर्ण बॅकअपच लागतो.