मेणाच्या मध्ययुगीन मुद्रांसाठी प्लास्टाझोट फोम

युरोपातल्या जुन्या सनदांना लोंबणाऱ्या मेणाच्या मुद्रा जपून ठेवायच्या ट्रेसाठी प्लास्टाझोट एलडी45 हा भरवशाचा माल आहे, पण नीट कापला तरच. हा बंद पेशींचा (म्हणजे बंद बुडबुड्यांचा) पॉलिथिन फोम नायट्रोजनने फुगवलेला असतो. 45 म्हणजे घनमीटरला 45 किलो. पोपची शिशाची मुद्रा असेल, तर बाहेरचा खोकाही पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. ओकच्या फळीतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे पांढरे पडून त्याचा भुगा होतो.

पाते कोरे हवे. बोथट पाते पेशी फाडते. फोममध्ये मुद्रा बसवायची खाच मुद्रेपेक्षा चहूबाजूंनी 3-4 मिमी मोठी ठेवा, खोली जाडीपेक्षा 5 मिमी जास्त, आणि बोटे घालायला दोन बाजूंना अर्धचंद्र. कापलेल्या पेशींच्या कडा बारीक काचकागदासारख्या घासतात, म्हणून आत टायवेकचे (पॉलिथिनच्या न विणलेल्या, गुळगुळीत कापडाचे) अस्तर हवेच. थर गरम गोंदाने जोडले असतील, तर ट्रे पूर्ण थंड होईपर्यंत मुद्रा जवळही आणू नका. मधमाशीचे मेण 62-64 अंशांना वितळते, मऊ तर त्याच्या बरेच आधी पडते.

सर्वात जास्त नुकसान होते ते पट्टीपाशी. मुद्रा जिने सनदेला लोंबते ती चर्मपत्राची पट्टी मुद्रेच्या जाडीच्या साधारण मध्यातून बाहेर येते. मुद्रा 24 मिमी जाड असेल, तर सनदेची बैठक (सनद फोमवर जिथे टेकते ती पातळी) खाचेच्या तळापासून 12 मिमी वर हवी. नाहीतर पट्टी कडेला मुरगळते आणि मेणाला नेमकी तिथेच चीर जाते. पट्टी धरून मुद्रा कधीही उचलू नये. (आपल्या मोडी कागदांवरचा शिक्का-मोर्तब शाईचा, सपाट, तिथे हा खटाटोप लागत नाही.)

जुन्या पद्धतीत मुद्रा कापसात गुंडाळत किंवा पिशवीत शिवून टाकत. कापसाचे तंतू नक्षीत अडकतात आणि पिशवीत मुद्रा फुटली तरी कळत नाही. फोममध्ये ती उघडी दिसते, म्हणून आकार, मिमीतली मापे, रंग, कडेचा लेख ही नोंद न हाताळता होते. पुसट लेखासाठी दिवा एका बाजूने, अगदी तिरपा धरून फोटो घ्या. पांढऱ्या टायवेकवर लाल-हिरव्या मेणाचे गळलेले कण लगेच दिसतात, बिनरंगी मेणाचे मात्र सुटतात.

इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलच्या संग्रहात सनदेचा क्रमांक वेगळा आणि ग्रीनवेल-ब्लेअर यांनी केलेल्या तिथल्या मुद्रांच्या यादीतला मुद्रेचा क्रमांक वेगळा. अशा ठिकाणी झाकणावर दोन्ही लिहा, पेन्सिलीनेच.

उणिवा दोन. फोम स्थिर विजेमुळे धूळ ओढतो आणि सततच्या वजनाखाली कायमचा दबतो. राजाची मोठी, जड मुद्रा असेल तर तळाची जाडी अधूनमधून मोजा. बैठक खाली गेली की पट्टीवर ताण येतो.