हेटॅको: दिवसाला पाच शाबासक्या, उद्यासाठी शिल्लक शून्य

स्लॅक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑफिसातल्या चॅट अ‍ॅपवर चालणारं 'हेटॅको' हे एकमेकांची पाठ थोपटायचं साधन. सहकाऱ्याला टॅग करायचं, त्याने काय केलं ते एका ओळीत लिहायचं आणि टॅकोचा (घडी घातलेल्या मेक्सिकन पोळीचा) इमोजी टाकायचा. मोजदाद बॉट, म्हणजे चॅटमध्येच बसवलेला आपोआप चालणारा प्रोग्राम, करतो. प्रत्येकाला दिवसाला पाच टॅको मिळतात, ते दुसऱ्यालाच देता येतात आणि न वापरलेले दुसऱ्या दिवशी बाद होतात.

या बाद होण्यातच खरी गंमत आहे. महिन्याचा कोटा देणाऱ्या साधनांत तीस तारखेला उरलेले पॉइंट उधळायची घाई होते. इथे साठवणूकच नसल्यामुळे काम ताजं असतानाच दाद जाते.

बसवायला वेळ लागत नाही, पण ज्या चॅनेलमध्ये, म्हणजे चॅटच्या गटात, बॉटला घेतलेलं नाही तिथे टॅको नुसतं चित्र राहतं. "माझा टॅको मोजलाच नाही" ही तक्रार आली की आधी हेच तपासा.

सगळी मदार संदेशावर आहे. 'थँक्स, मस्त!' यातून काहीच कळत नाही. 'एरर फक्त रात्री बारानंतर येतोय हे लॉग चाळून शोधलंस, म्हणून टाइमझोनची चूक सापडली' यातून मात्र कळतं की कुणी न सांगता हा माणूस खोलात शिरला. मॅनेजरने महिन्याने आकडे बाजूला ठेवून हे संदेश सलग वाचावेत. टेस्टिंगमधल्या मुलीला वारंवार दाद मिळते ती तिने लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनसाठी, असं दिसलं तर आठवड्यातले चार तास तिला त्यासाठी मोकळे करून द्यावेत. आवड ओळखली, पण वेळ दिला नाही, तर टॅको म्हणजे कोरडं कौतुक.

बिघडतं कुठे? पहिलं, दोघे मित्र रोज एकमेकांनाच देतात: अहो रूपम् अहो ध्वनिः. दुसरं, सपोर्टवाल्यांचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालतं, त्यांना ढिगाने मिळतात. ज्याच्यामुळे सर्व्हर वर्षभर पडला नाही, त्याची पाटी कोरी. म्हणून लीडरबोर्ड, म्हणजे कुणाला किती टॅको मिळाले त्याची क्रमवार यादी, मिरवू नका. यादीत तळाला कोण आहे ते बघा आणि त्याच्या कामाबद्दल स्वतः लिहा. टॅकोंची संख्या अप्रेझलमध्ये धरली, तर दुसऱ्या दिवसापासून देवाणघेवाणीचा बाजार सुरू होतो.

टॅको साठवून बक्षीस घ्यायची सोयही यात आहे. ती मी सुरुवातीला बंदच ठेवा म्हणेन. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 साली चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड घटली नाही. तेव्हा बक्षीस ठेवायचंच तर दरपत्रक लावू नका, अवचित द्या. एखादा कोर्स किंवा हवं ते अवजार. रोख रक्कम नको. ती पगारात धरली जाऊन तिच्यावर कर लागतोच, आणि घरखर्चात कुठे गेली तेही कळत नाही.

दहा ते साठ जणांच्या, दिवसभर चॅटवर असलेल्या टीमसाठी पाचपैकी चार टॅको. चाकण-भोसरीच्या कारखान्यातल्या लाइनवर मात्र याचा उपयोग नाही. तिथे मोबाइल लॉकरमध्ये असतो. तिथे सूचना योजनाच बरी. टोयोटाने ती 1951 मध्ये सुरू केली. कामगाराने सुचवलेला फिक्स्चरमधला (काम करताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यातला) बदल लगेच करून बघायचा आणि नाही जमला तर का नाही ते त्याला तोंडावर सांगायचं. सूचना टाकायच्या पेटीला कुलूप आणि किल्ली एचआरकडे, असा कारभार असेल तर दोन महिन्यांत त्या पेटीत चहाचे कागदी कप सापडतात.