पोर्ट मॅचिंगचं किट: बर उत्तम, सोबतचा कागद टाकून द्या

पोर्ट मॅचिंग म्हणजे इंजिनच्या हेडमधल्या वायूच्या वाटेचं (पोर्टचं) तोंड आणि हेडला जोडलेल्या नळ्यांच्या भागाचं (मॅनिफोल्डचं) तोंड कोरून एकमेकांशी जुळवणं. त्यासाठीच्या या किटमधले कार्बाइड बर, म्हणजे गरगर फिरवून धातू कोरायची दातेरी टोकं, एकदम कामाचे आहेत. एक मोठ्या, मोकळ्या दात्यांचा, अ‍ॅल्युमिनियमसाठी; दुसरा बारीक, दुहेरी दात्यांचा, बिडासाठी. स्वस्त किटांत बऱ्याचदा या दुसऱ्यावरच बोळवण होते. तो अ‍ॅल्युमिनियमवर चालवला की दाते भरतात आणि मग बर कापायचं सोडून नुसता घासत, तापत बसतो. इथला मोठ्या दात्यांचा बर मध्येमध्ये डब्ल्यूडी-40 मारत चालवला, तर कीस सुटा पडतो. लांब दांडीचा बर मात्र हवेत पूर्ण वेगाने सोडू नका, दांडी वाकू शकते. आधी टेकवायचा, मग वेग द्यायचा. ही सूचना किटसोबतच्या कागदावर हवी होती.

त्या कागदावर जे आहे ते मात्र वाचू नये असं. म्हणे हेडच्या तोंडाला निळी शाई लावा, गॅस्केट (हेड आणि मॅनिफोल्डच्या मधली सील) ठेवा, सुईने रेघ मारा आणि रेघेपर्यंत कोरा. अहो, गॅस्केटचं भोक बऱ्याचदा दोन्ही पोर्टांपेक्षा मोठं असतं! तिथपर्यंत कोरलं तर पोर्टच्या तोंडाशीच एक फुगवटा तयार होतो, हवेचा वेग तिथे पडतो आणि कमी आरपीएमवरची ओढ जाते. गॅस्केट हे फक्त माप घ्यायचं साधन. जुळवायची आहेत ती दोन तोंडं एकमेकांशी, आणि गॅस्केट आत डोकावू द्यायचं नाही.

त्यातही पायरी, म्हणजे लहानमोठ्या तोंडांमुळे उरणारी कड, कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. इनटेकला (हवा आत येते त्या बाजूला) मॅनिफोल्डचं तोंड मोठं आणि हेडचं लहान असेल, तर हवा थेट कडेवर आपटते. ती पायरी काढायलाच हवी. उलट असेल तर त्रास बराच कमी. एक्झॉस्टला (जळका वायू बाहेर पडतो त्या बाजूला) हेडच्या पोर्टपेक्षा पाइप थोडा मोठा असला तर मी हातच लावत नाही, कारण ती कड उलट येणाऱ्या वायूला अडवते. कोरलेला भाग आत वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत हळूहळू मिसळवायचा. व्हॉल्व्हकडे वळणाऱ्या आतल्या आखूड बाजूला बर नेऊ नका.

80 ग्रिटचे सँडिंग रोल ठीक आहेत, पटकन झिजतात. फेल्टचे गोळे आणि पॉलिशची वडी कशाला दिली कोण जाणे. कार्ब्युरेटर असो वा पोर्ट इंजेक्शन, इनटेकची भिंत आरशासारखी केली की पेट्रोल तिच्यावर थेंब धरतं. रोलची खरखर तशीच ठेवावी. एक्झॉस्टला हौस म्हणून चमकवा.

डॉवेल पिना (दोन भाग दर वेळी नेमक्या त्याच जागी बसवणाऱ्या खुंट्या) मात्र किटमध्ये नाहीत, आणि त्यांच्याशिवाय सगळी मेहनत फुकट जाऊ शकते. बोल्टच्या भोकांत खेळ असतो, पुढच्या वेळी मॅनिफोल्ड कसताना थोडा सरकला की पायरी पुन्हा हजर. पिना वेगळ्या आणून बसवा.

खोक्यावर ताकद वाढण्याचं छापलंय ते मनावर घेऊ नका. तोंडं मुळातच जुळलेली असतील तर फरक कळणारही नाही. बऱ्याच हेडांत हवा खरी अडते ती व्हॉल्व्हच्या सीटपाशी, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेपाशी.

डाय ग्राइंडर (बर खूप वेगाने फिरवणारं हातातलं यंत्र) असेल तर किट जरूर घ्या. नसेल तर सोबतचा लवचीक शाफ्ट साध्या ड्रिलला जोडून भागवू नका. ड्रिलच्या वेगात कार्बाइड बर उड्या मारतो, आणि गॅस्केट बसायच्या पृष्ठभागावर एक उडी पुरते.