कृषी शिक्षकाची पहिली नोकरी: शहरातली शाळा की तालुक्याचं कृषी तंत्र विद्यालय?

बी.एस्सी. ॲग्री झालं, बी.एड.ही उरकलं आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय: एक पुण्यातली सीबीएसई शाळा, दुसरं तालुक्याचं कृषी तंत्र विद्यालय. मी दोन्हीकडे शिकवलंय, आधी शहरात. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

शहरात कृषी हा कौशल्य विषय. नववी-दहावीला कोड ४०८, अकरावी-बारावीला ८०८. बरीच मुलं गुणांसाठी येतात, त्यात त्यांची चूक नाही. जमीन म्हणजे गच्ची. काळी माती भिजली की जड होते, निचरा तुंबतो आणि खालच्या वर्गात ओल उतरली की पहिला फोन तुम्हालाच. म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा), गांडूळखत आणि ग्रो बॅग. मेथी-पालक महिन्याभरात निघतात, फोटो चांगले येतात, मुख्याध्यापक खूश. पण पिकाला शाळेचं वेळापत्रक कळत नाही. पहिल्या वर्षी मी टोमॅटो लावले. फळ धरलं आणि दिवाळीची सुट्टी लागली. परत आलो तर बॅगांत नुसत्या काड्या.

तरी त्याच गच्चीवर एक तास असा झाला की तसा पुन्हा मिळाला नाही. जूनमध्ये बारा बॅगांत भुईमूग टोकला होता. पिवळी फुलं आली तशी मुलं शेंगा वरच शोधायला लागली. फूल सुकल्यावर निघालेली आरी, म्हणजे जिच्या टोकाला मातीत शेंग धरते तो बारीक दांडा, खाली वाकून मातीत शिरलेली एका मुलीला दिसली. तिनं हाका मारल्या आणि अख्खी मधली सुट्टी वर्ग त्या बॅगेभोवती उकिडवा बसला. डबे तसेच राहिले.

हाच धडा तालुक्याला घेतला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ड्रम फिरवायचं सांगितलं नाही." फुलोऱ्यात पिकावरून रिकामा ड्रम फिरवला की आऱ्या मातीला टेकतात. मी ते वाचलं होतं, त्यानं ते वडिलांबरोबर केलं होतं. दहावीनंतरची ही दोन वर्षांची मराठी माध्यमाची पदविका, बहुतेक पोरं शेतकऱ्यांचीच. पहिले तीन महिने तीच तुमची परीक्षा घेतात. लाज वाटते, पण हात तयार होतो. प्रक्षेत्र, म्हणजे विद्यालयाचं स्वतःचं शेत असतं, शेतावरची अनुभवी माणसं असतात. विद्यालय राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली यांपैकी एका कृषी विद्यापीठाशी जोडलेलं असतं, त्यामुळे अडलं तर विचारायची जागा असते. शहरात स्टाफरूममध्ये तुम्ही एकटेच शेतीवाले. बाकीचे घरच्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांवर औषध विचारतात, आणि स्नेहसंमेलनाला स्टेजसमोर कुंड्या मांडायचं काम ठरलेलं.

पगाराचं दोन्हीकडे बघूनच घ्या. शहरात करार अनेकदा दहा-अकरा महिन्यांचा, मे महिना कोरडा, वर घरभाडं. तालुक्यात खर्च कमी, पण विनाअनुदानित ठिकाणी प्रवेश घटले की पगार लांबतो. रुजू होण्याआधी तिथल्या एखाद्या शिक्षकाला चहाला गाठून शेवटचा पगार कधी झाला ते विचारा, संस्थाचालकांना नको.

घरची अडचण नसेल तर आधी दोन वर्षं तालुका, मग शहर, असं माझं मत. पुस्तकी ज्ञानावर गच्ची चालवता येते, पण रोप का मान टाकतंय हे बघता क्षणी सांगायला शेतात उभं राहिलेलं लागतं. एमपीएससीची कृषी सेवा डोक्यात असेल, क्लास आणि अभ्यासिका जवळ हवी असेल, तर मात्र सरळ शहर धरा.

शहराच्या मुलाखतीला गेलात तर गच्चीची किल्ली कोणाकडे असते आणि सुट्टीत पाणी कोण घालतं, एवढं विचारा. "बघू, करू काहीतरी" असं उत्तर आलं तर टोमॅटोच्या भानगडीत पडू नका, मेथीच लावा.